घरटी एक माणूस

नखांतला चिखल काही निघाला नव्हता. जयमालानं तो काथ्यानं घासला होता, चिंचेनं घासला होता, पहाटे निघताना केसांचा आकडा घालून कोरला होता. तरी दहाही नखांखाली एकेक काळी रेघ उरलीच. आता ती हॉस्पिटलच्या आडव्या खुर्चीत पांढरी चादर घेऊन पडली होती, आणि मनगटात सुई लावणारी नर्स नेमकी बोटंच बघत होती.

"मावशी, काल काही जड काम केलं नाही ना?" नर्सनं विचारलं. तिच्या छातीवरच्या पट्टीवर क्रांती असं नाव होतं.

"न्हाय."

"पाणी भरणं, धुणं, शेतातलं काही?"

"न्हाय गो. बसून होते."

"मग हा चिखल?"

"शेतकरणीच्या नखात चिखल नसंल, तर काय डॉक्टरच्या असंल?"

क्रांती हसली आणि कागदावर खूण करून मोकळी झाली. "बरं. आता तासभर निवांत पडायचं. बोलायचं नाही, काही चघळायचं नाही, हातपाय हलवायचे नाहीत. मशेरी लावता?"

"लावते. पन सकाळधरनं न्हाय लावली."

"शहाण्या आहात," असं म्हणून तिनं दिवा मंद केला आणि दार ओढून घेतलं.

जयमाला छताकडे बघत राहिली. काहीच करू नकोस, असं तिला बावन्न वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आता सांगितलं, तर तेही जमत नव्हतं. दंड ठणकत होते. पाठीत मधोमध कळ बसली होती. चादरीखाली बोटं आपोआप मिटत होती, उघडत होती.

गाठ दिसली ती ज्येष्ठात. मानेच्या डाव्या अंगाला, गळ्याच्या हाडाच्या जरा वर, सुपारीएवढी. महिनाभर तिनं तिच्यावर हळद-चुना लावला. मग खोकला धरला, अंगावरचं मांस उतरलं, आणि मुलीनं, रुचिकानं, तिला ओढतच पनवेलकडच्या या हॉस्पिटलात आणलं. तिथं छातीतही एक मोठी गाठ निघाली. लिंफोमा म्हणाले. रुचिका न्हावा शेव्याला कंटेनरच्या ऑफिसात कामाला. तिनं फोनवर वाचून काढलं आणि आईला समजेल असं सांगितलं: शरीरभर ज्या बारीक ग्रंथी असतात, त्यांचा कॅन्सर. औषध लागू पडतं बऱ्याचदा. दर पंधरा दिवसांनी एक डोस, असे बारा.

पहिला डोस नारळी पौर्णिमेच्या दोन दिवसांनी झाला, दुसरा अमावास्येच्या नंतर. तिसऱ्याला जयमालाच्या लक्षात आलं. "माजा डोस आनी उधाण एकाच येळेला येतंय बग," ती म्हणाली. अमावास्या-पौर्णिमेनंतरची ती मोठी भरती खारेपाटातल्या माणसाला तारखेपेक्षा नीट कळते. कॅलेंडर बघायची गरज उरली नाही. खाडीचं पाणी बांधाच्या गळ्याशी आलं की जयमाला पिशवी भरायला घ्यायची.

चार डोस झाले की मधला स्कॅन, असं ठरलेलं होतं.

"आई, ही सहामाही परीक्षा समज," रुचिकानं सांगितलं होतं. "सहामाहीवरून डॉक्टरांना कळतं, वार्षिकला तू पास होणार का नाही. रिझल्ट चांगला आला तर औषध तेच. नाही आला तर आत्ताच बदलतात, जास्त स्ट्राँग देतात. शेवटपर्यंत वाट नाय बघत बसत."

"सहामाहीला मी गनितात गेले व्हते," जयमाला म्हणाली. "वार्षिकला बसलेच न्हाय."

रुचिकाला हसावं की रडावं कळेना. तिनं सूचनांचा कागद पिठाच्या डब्यावर चिकटवला. आदल्या दिवशी भात नको, गोड नको. श्रमाचं काम करू नये. 'श्रमाचं'खाली तिनं लाल पेनानं दोन रेघा ओढल्या आणि कामावर गेली.

आणि काल दुपारच्या भरतीला बांध फुटला.

खारेपाटात शेत खाडीच्या पातळीखाली असतं. मधे मातीचा बांध, म्हणून भात. नाही तर सगळं मासे खेळायचं पाणी. बांधाला भगदाड पडलं की त्याला खांड जाणं म्हणतात. खांडीतून खारं पाणी शेतात बसलं, की तीन-तीन वर्षं तिथं गवताशिवाय काही येत नाही. भात पिवळं पडायला लागलं होतं, कापणी पंधरा दिवसांवर आली होती. भरती उतरायला लागल्यापासून पुढची चढेपर्यंत जे पाच-सहा तास मिळतात, तेवढ्यात खांड बांधायची. खुंट ठोकायचे, पेंढा दाबायचा, आणि माणसांची रांग लावून चिखलाचे गोळे हातोहात टाकायचे.

आणि घरटी एक माणूस आलंच पाहिजे. वाडीचा नेमच तो. बांधावर गुणाजीआबा उभा राहतो आणि उघाडीपासून, म्हणजे पाणी सोडायच्या दारापासून, घरांच्या ओळीनं नावं घेतो. वही नाही, कागद नाही. ज्याचं नाव येईल त्यानं 'हाय' म्हणायचं. जो नसेल त्याला दंड नाही की बोलणी नाहीत. पुढच्या खेपेला त्याचं नाव घेण्याआधी गुणाजीआबा फक्त खोकतो. त्या खोकल्याला वाडी टरकून असते.

बाई मात्र अर्धी धरायची. दोन बाया मिळून एक माणूस. जयमालाचा नवरा साप चावून गेला तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती आणि रुचिका तीन. सासू अंथरुणाला. नवऱ्याचे दिवस झाले आणि पंधरा दिवसांत खांड गेली. जयमाला पोरीला शेजारी टाकून बांधावर गेली आणि बाप्यांच्या रांगेत उभी राहिली.

"तुजी अर्धी हजेरी," गुणाजी म्हणाला. तेव्हा तो पन्नाशीचा होता आणि मिशी काळी होती. "अर्दं मानूस घरातनं अजून धाड."

"अर्धी म्हंजे कंची वो अर्धी?" जयमालानं विचारलं. "वरची का खालची? तेवडीच आनते उंद्यापास्नं."

रांगेतले बापे इतके हसले की दोघांच्या हातांतले गोळे पाण्यात पडले. गुणाजी हसला नाही. त्यानं संध्याकाळपर्यंत तिचे हात बघितले, आणि दुसऱ्या दिवशी नाव घेतलं ते सरळ बाप्यांच्या ओळीत. जयमाला 'हाय' म्हणाली. त्याला चोवीस वर्षं झाली. या चोवीस वर्षांत तिच्या नावाआधी कधी कुणी खोकलं नाही. रुचिकाच्या बारशाचे चांदीचे वाळे मोडले, गाय विकली, घराची कौलं बदलायची राहिली. एवढी एक गोष्ट मात्र तिनं सांभाळली.

कालही हाक आली. "खांड गेली वोऽऽ!" जयमालानं डब्यावरच्या लाल रेघा वाचल्या. मग विचार केला: गाठ मानेत, गाठ छातीत. मशीन ती बघणार. हातांशी त्याला काय करायचंय? पदर खोचला आणि गेली.

दिवे लागायच्या आत खांड बुजली. सातला रुचिका आली तेव्हा आई अंघोळ करून अंगणात शहाण्यासारखी बसली होती.

"काय केलंस दिवसभर?"

"बसले," जयमाला म्हणाली.

तासानं क्रांतीनं तिला उठवलं. लघवीला जाऊन यायला लावलं, मग त्या गोल तोंडाच्या मशीनमध्ये सरकवलं. हात डोक्यावर धरायचे होते. तेवढ्यातही दंड थरथरले. आत गार होतं आणि कशाचा तरी घरघर आवाज. जयमालानं डोळे मिटून मनाशी उघाडीपासूनची घरं मोजली. तिचं अकरावं.

तिसऱ्या दिवशी, पाचव्या डोसाला गेल्यावर, डॉक्टरीणबाईंनी स्क्रीन दोघींकडे वळवला. पांढऱ्यावर राखाडी माणूस उभा होता. पातळ, धुक्यातला.

"हा मेंदू. हे हृदय. इथं काळं दिसणारच, ते बरोबर आहे. हे खाली मूत्राशय." त्यांचं पेन वर सरकलं. "आणि हे काय?"

खांद्यांपासून मनगटांपर्यंत दोन्ही हात काळे होते. पाठ काळी, मांड्या काळ्या. कुणीतरी वरून शाई ओतावी आणि ती हातांतून ओघळावी तसं.

"पसरलं?" रुचिकानं विचारलं.

"नाही, नाही. हे आजाराचं नाही. हे स्नायू आहेत." डॉक्टरीणबाई जयमालाकडे वळल्या. त्या चिडलेल्या दिसत नव्हत्या, दमलेल्या दिसत होत्या. बाहेर अजून तीसेक माणसं बसली होती. "मावशी, आपण सुईतून साखर टोचतो. शरीरात जे भुकेलेलं असतं, ते ती साखर खातं आणि फोटोत काळं दिसतं. गाठ नेहमी भुकेली असते. म्हणून ती सापडते. पण आदल्या दिवशी राबलेला हातही भुकेलाच असतो. त्या दिवशी काय केलंत तुम्ही?"

जयमालानं बोटं पदराखाली घेतली.

"आई?"

"खांड गेली व्हती," ती म्हणाली.

रुचिकानं ते भराभर समजावून सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी कपाळ चोळलं. "छातीतली गाठ निवलीय, ते मला दिसतंय. चांगलं आहे. पण ही डावी, मानेच्या बुडाची. तिच्या आजूबाजूचे स्नायू एवढे काळे आहेत, की गाठ त्यात आहे की गेली, हे मी सांगू शकत नाही. आम्ही याला एक ते पाच असा आकडा देतो. तीनपर्यंत आला तर हेच औषध पुरे. चार-पाच आला तर जोराचं औषध, इथं भरती होऊन. या एका आकड्यावरून पुढचं बरंच कळतं, सगळं नाही, पण बरंच. तुमच्या कागदावर मला आकडाच लिहिता येत नाही."

"मंग आता?"

"डोस थांबवायचा नाही, आज देऊ. सहाव्याच्या आदल्या दिवशी पुन्हा स्कॅन. पण तोवर पंधरा दिवस आपण अंधारात. हे औषध तिला पुरत नसेल, तर त्या गाठीला पंधरा दिवस फुकटचे मिळाले."

जयमालानं मान हलवली. ते तिला नीट कळलं. खांड अर्धी बुजवून घरी जाण्यासारखं होतं. पण तिची नजर स्क्रीनवरून हलत नव्हती.

"येवडं काम केलेलं दिसतंय व्हय?" तिनं हळूच विचारलं.

डॉक्टरीणबाईंना पहिल्यांदा हसू आलं. "सगळं दिसतं."

बाहेर पडल्यावर रुचिका पाण्याच्या टाकीपाशी थांबली आणि तिचा बांध फुटला. "तू खोटं बोललीस! माझ्याशी बोललीस, नर्सशी बोललीस, डायरेक्ट मशीनशी खोटं बोललीस!"

"मशीननं इचारलंच न्हाय."

"आई, मस्करी नको करू, प्लीज! एक दिवस नाय गेलीस तर काय गाव बुडलं असतं?"

"बुडलं नसतं."

"मग?"

त्या एका दिवसासाठी चोवीस वर्षांचं काय झालं असतं, हे पोरीला सांगायच्या आत डोसाची खोली उघडली आणि जयमाला आत गेली.

ते पंधरा दिवस फार लांबले. पाचव्या डोसानं तोंड आलं, जिभेला भाताची चव लागेना. रात्रीचा खोकला आला की रुचिका उठून बसायची, आणि ती उठलीय हे कळू नये म्हणून जयमाला खोकला गिळायची. आंघोळीच्या वेळी ती मानेचं बूड बोटांनी चाचपायची. कधी वाटायचं, काही नाही. कधी वाटायचं, हाय. बोटांना आकडा सांगता येत नाही.

दिवाळी आली तशी अमावास्या आली. रुचिकानं रजा टाकली होती. ती आईवर पहारा ठेवून होती. तांब्या उचलला तरी ओरडायची. स्कॅन भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी होता. भाऊबीजेला दुपारी, ताटं व्हायच्या वेळेला, आधीच कमजोर झालेली तीच खांड पुन्हा गेली. भात कापून शेतात पसरलेलं होतं.

हाक देणारा पोरगा ओळीनं ओरडत आला. "खांड गेली वोऽऽ!" दहाव्या घरासमोर ओरडला. अकराव्यासमोर त्याचा आवाज बसला, पावलं भरभर झाली, आणि बाराव्यासमोर तो पुन्हा ओरडला.

जयमाला जेवणावर बसली होती. हातातला घास तिनं ताटात ठेवला. वाडीत एकाच घराला हाक देत नाहीत. ज्या घरात सुतक असतं, त्या.

"आई, उठायचं नाय हां," रुचिका म्हणाली.

"उठत न्हाय. तू मना तितं नेऊन बसव."

"येड लागलंय का तुला?"

"हात लावनार न्हाय कशाला. तुज्या बापाची शपथ. पन मी घरात बसनार न्हाय."

रुचिकानं तिच्याकडे बघितलं. मग स्कूटर काढली, मागं आईला बसवलं, आईच्या मांडीवर आडवी प्लास्टिकची खुर्ची दिली, तीही जोर लावून धरायची नाही, असं बजावलं. बांधावर, उघाडीच्या दगडाशी, खुर्ची मांडून तिला बसवलं. "हात मांडीवर," ती म्हणाली, आणि स्वतः दिवाळीच्या नव्या पंजाबी ड्रेसचे पाय गुडघ्यावर दुमडून चिखलात उतरली. पहिल्याच पावलाला तिची चप्पल आत राहिली.

गुणाजीआबा आता पंचाहत्तरचा. काठी टेकून उभा. नावं घ्यायला लागला. हाय. हाय. हाय. दहावं घर झालं. तो थांबला, खाडीकडे बघितल्यासारखं केलं, आणि बारावं नाव घेतलं.

"गुणाजीआबा," जयमाला खुर्चीतून म्हणाली, "माजं घर वलांडलं तुमी."

"तुला माफ हाय गो, बाय."

"माफ कशापायी? सुतक हाय व्हय आमच्यात? कोन मेलंय?"

रांगेतल्या माना खुर्चीकडे वळल्या. गुणाजीनं काठी या हातातून त्या हातात घेतली. "पन मानूस?"

"ती काय हुबी हाय."

गुणाजीनं गुडघाभर चिखलात, एकाच चपलेवर उभ्या असलेल्या रुचिकाकडे बघितलं.

"आबा, अर्धी धरली तरी चालेल मला," रुचिका म्हणाली. "पहिलाच दिवस आहे."

कुणीतरी फिसकन हसलं. मग गुणाजीनं आवाज काढला, खोकला नाही, नुसता आवाज: "जयमाला!"

रुचिकानं तोंड उघडलं, पण त्याआधी खुर्चीतून आलं, "हाय."

काम सुरू झालं. रुचिकाला गोळा धरायची रीत नव्हती. ती तो पोटाशी कवटाळायची. अर्धा ड्रेसवर राहायचा. जयमालाच्या तोंडावर शंभरदा आलं, खालून धर, खालून. आणि शंभरदा तिनं ते गिळलं. हात काही ऐकेनात. समोर गोळा आला की बोटं उघडायची. शेवटी तिनं दोन्ही पंजे मांड्यांखाली दाबून घेतले आणि त्यांच्यावर बसून राहिली. सूर्य कलला, खांड बुजली, लोक हातपाय धुवायला लागले, तेव्हा तिच्या बोटांना मुंग्या आल्या होत्या. चोवीस वर्षांत बांधावरून ती इतकी दमून कधी घरी गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी क्रांतीनं सुई लावताना तिची नखं बघितली. स्वच्छ होती. मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या रुचिकाची बघितली आणि काही न बोलता कागदावर खूण केली.

सहाव्या डोसाला डॉक्टरीणबाईंनी पुन्हा स्क्रीन वळवला. "तीन," त्या म्हणाल्या. "काठावर आहे, पण पास. औषध तेच ठेवू. सांगता येतं तेवढं चांगलंच सांगतेय, मावशी. मात्र लेखी मागू नका."

रुचिकानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. जयमालानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि स्क्रीनकडे बघत राहिली. मेंदू होता, हृदय होतं. खांद्यांच्या पुढं मात्र नुसतं धुकं.

"माजे हात?" तिनं विचारलं. "हात कंय गेले?"

"तसंच हवं होतं आपल्याला."

"व्हय," जयमाला म्हणाली. मग म्हणाली, "बाय, तो पयला फोटू, तो वाया गेलेला. तुमाला नको असंल तर मना द्याल?"

फिल्म पाकिटात घालून जयमाला घरी आली. डोस अंगावर उतरायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी गुणाजीआबा नव्या भाताचे पोहे घेऊन आला, तेव्हा जयमाला खिडकीशी गोधडी घेऊन बसली होती आणि ती काळ्या हातांची फिल्म गजांना टेकवून ठेवलेली होती. तिच्यातून मागचा उजेड आत येत होता.

"ह्यो कोन गडी?" गुणाजीनं विचारलं.

"मी हाय, आबा. पयल्या खांडीच्या दिवसाची."

गुणाजीआबानं चष्मा नाकावर चढवला, काठी भिंतीला लावली आणि फिल्मच्या जवळ गेला. खांद्यापासून मनगटापर्यंत त्यानं काचेला हात लावावा तसं एक बोट फिरवलं. मग दुसऱ्या हातावरून.

"हाय," तो म्हणाला.

आणि पोह्यांचं भांडं तिच्या हातात न देता त्यानं स्वतःच आत नेऊन ठेवलं.